मेंदूकडे न पोचलेली बातमी

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी मला 'मानवी मेंदू व मज्जासंस्था' असा विषय दिला आहे. विषय मोठा आणि मी काही डॉक्टर नाही. कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून तीसेक वर्षे आपल्या जिल्ह्यात फिरलो, आधी सायकलवर आणि नंतर मोटारसायकलवर. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड ही माझी शाळा. मज्जातंतू मी पुस्तकातल्या चित्रात पाहिला त्याहून अधिक लोकांच्या कोपराशी आणि गुडघ्याशी चाचपून पाहिला. म्हणून दहावीच्या पुस्तकात आहे तेच सांगणार आहे, पण माझ्या वाटेने.

पहिल्यांदा एका शब्दाचा घोळ मिटवू. 'नस' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या वस्तूंना लावतो. सलाईन लावताना सिस्टर म्हणतात, "नस सापडत नाही," ती रक्तवाहिनी. मूठ आवळून मनगट वाकवले की ज्या ताठ दोऱ्या वर येतात, त्यांनाही आपण नसाच म्हणतो. त्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या. आणि कमरेत 'नस दबली' म्हणतो तो मज्जातंतू. पहिलीतून रक्त वाहते, दुसरी ओढते, तिसरीतून बातमी जाते. हा घोळ एकट्या मराठीचा नाही. पाली वाङ्मयात शरीराच्या बत्तीस भागांची यादी आहे. तीत 'न्हारू' म्हणजे स्नायू-कंडरा आहेत, खुद्दकपाठात 'मत्थलुंग' म्हणजे मेंदूही आहे, पण मज्जातंतूला निराळे नाव नाही. आज जगभर मज्जापेशीला न्यूरॉन म्हणतात. त्या ग्रीक शब्दाचा जुना अर्थही कंडरा, धनुष्याची दोरी असाच. मेलेल्या शरीरात दोन्ही पांढऱ्या दोऱ्याच दिसतात. एक ओढते आणि दुसरी सांगते, हे दिसून कळत नाही.

आता सर्वांनी एक करा. उजवा हात कोपरात वाकवा. कोपराच्या आतल्या अंगाला, दोन हाडांच्या मधल्या खाचेत डाव्या हाताचे बोट हळूच आडवे फिरवा. सुतळीसारखी काहीतरी गोल वस्तू बोटाखालून निसटते ना? थोडी दाबली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. दाराच्या चौकटीवर कोपर आपटले की जो करंट बसतो तो इथलाच. हा तुमचा मज्जातंतू. अंगातली मज्जासंस्था बाहेरून हाताला लागते अशा थोड्या जागांपैकी ही एक. हे ठिकाण लक्षात ठेवा, मला पुढे तिथेच परत यायचे आहे.

या सुतळीचे दुसरे टोक कोठे आहे? ती दंडातून, काखेतून मानेपर्यंत जाते आणि पाठीच्या मणक्यांच्या पोकळीत असलेल्या मज्जारज्जूला मिळते. मज्जारज्जू करंगळीएवढा जाड, लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघून हातापायांत व धडात पसरतात. मेंदूतून थेट निघणाऱ्या १२ जोड्या वेगळ्या. डोळा, कान, जीभ, चेहरा यांचे काम त्यांच्याकडे. आणि सगळ्यांच्या वर कवटीत मेंदू.

मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. ताजा मेंदू खरवसासारखा मऊ असतो, म्हणूनच त्याच्याभोवती हाड, तीन आवरणे आणि पाण्यासारखा द्रव असा बंदोबस्त आहे. त्यात सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी आहेत. शरीराच्या वजनाच्या मानाने तो फक्त दोन टक्के, पण विसाव्यालासुद्धा शरीराच्या शक्तीचा पाचवा हिस्सा एकटा खातो. त्याचे ठळक भाग तीन. सर्वांत वर वळ्यावळ्यांचा मोठा मेंदू: पाहणे, ऐकणे, बोलणे, आठवणे, ठरवणे, हात हलवणे. त्याचा डावा भाग शरीराची उजवी बाजू सांभाळतो आणि उजवा भाग डावी. मागे खाली लहान मेंदू. तो तोल आणि हालचालीची सफाई पाहतो. डोक्यावर हंडा घेऊन बाई न सांडता बोलत चालते ते त्याच्या जिवावर. आणि देठाजवळ लंबमज्जा, जिथून श्वास आणि हृदयाचे ठोके चालतात. नगर-मनमाड रस्त्याने मोटारसायकलवर जाणाऱ्या तरुणांना एवढेच सांगतो की खरवसाला हेल्मेट लागते.

मज्जासंस्थेचे काम म्हणजे बातमी आणणे व हुकूम नेणे. पूर्वीची माणसे याला तारखात्याची उपमा देत. भारतातली तारसेवा २०१३ साली बंद पडली, पण उपमा अजून चालते. मज्जातंतू म्हणजे एक तार नव्हे, हजारो बारीक तारांची जुडी आहे. त्यात तीन प्रकारच्या तारा असतात. काही कातडीकडून मेंदूकडे बातमी नेतात: गरम, गार, टोचणे, नुसता स्पर्श. त्या संवेदी. काही मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम आणतात. त्या प्रेरक. आणि तिसऱ्या आपल्याला न विचारता काम करतात: घाम आणणे, रक्तवाहिन्या आवळणे-सैल करणे. त्या स्वायत्त. या तीन प्रकारांची आठवण ठेवा.

प्रत्येक बातमीची वाट वरपर्यंत पाहिली जात नाही. भाकरी भाजताना बोट तव्याला लागले तर हात आधी मागे येतो आणि 'चटका बसला' हे मागून कळते. कारण हात मागे घेण्याचा हुकूम मज्जारज्जूतूनच सुटतो. ग्रामपंचायतीने नळ दुरुस्त करून टाकला आणि मंत्रालयाला नंतर कळवले, तसे हे. यालाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. तसेच, दगडाला ठेच लागली की पहिल्यांदा एक तीक्ष्ण कळ येते आणि मग क्षणभराने सावकाश ठणका सुरू होतो. दोन्ही बातम्या एकाच ठेचेच्या. पण एक जाड, आवरण असलेल्या तारेतून वेगाने येते आणि दुसरी बारीक, उघड्या तारेतून सेकंदाला मीटरभर अशी चालत येते. घरी कोणी ठेचकाळले तर त्याला विचारून पाहा, अर्थात थोड्या वेळाने!

आणखी एक नवलाची गोष्ट. सगळ्या शरीराचे दुखणे ज्याला कळते त्या मेंदूला स्वतःला दुखत नाही. कॅनडातल्या माँट्रियल येथे डॉ. वाइल्डर पेनफिल्ड हे रुग्ण जागा असताना त्याच्या उघड्या मेंदूवर विजेची बारीक सुई टेकवून विचारत, काय वाटते? रुग्ण म्हणे, अंगठ्याला मुंग्या आल्या. सुई मेंदूवर, मुंग्या अंगठ्यात. अशा रीतीने मेंदूवर सगळ्या अंगाचा नकाशा निघाला. त्या नकाशात पाठीला थोडी जागा आणि बोटांना व ओठांना भली मोठी. म्हणजे दुखणे बोटात नसते. बोटातून बातमी जाते आणि दुखणे मेंदूत होते. बातमी गेलीच नाही तर? तर बोट कापले, भाजले, उंदराने कुरतडले तरी मेंदूच्या लेखी काहीच घडलेले नसते.

इथून माझा खरा विषय सुरू होतो.

कुष्ठरोग हा कातडीचा रोग आहे, असे बहुतेकांना वाटते. तो मज्जातंतूंचा रोग आहे. त्याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. हा जंतू फार संथ. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात, म्हणून लागण झाल्यावर लक्षणे दिसायला पाच-पाच वर्षे, कधी वीसही वर्षे जातात. त्याला थोडी थंड जागा आवडते. शरीरात खोलवर ऊब असते, म्हणून तो कातडीत आणि कातडीला लागून जाणाऱ्या मज्जातंतूंत घर करतो, तारेवरचे आवरण तयार करणाऱ्या पेशींच्या आत. कोपराची ती सुतळी आठवते ना? ती त्याची आवडती जागा. दुसरी गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाला, तिसरी घोट्याच्या आतल्या बाजूला मागे. मेंदूला आणि मज्जारज्जूला तो धक्का लावत नाही. तारघर शाबूत, तारा तुटलेल्या.

मघाच्या तीन तारा आता लावून पाहा. संवेदी तार गेली की चट्ट्यावर कापूस फिरवलेला कळत नाही. स्वायत्त तार गेली की घाम येत नाही. शेतात राबून सगळे अंग भिजले तरी चट्टा कोरडाच राहतो आणि तळव्याची कातडी भेगाळते. प्रेरक तार गेली की स्नायू वाळतो. कोपरापाशी गेली तर करंगळी व तिच्या शेजारचे बोट आत वाकते. गुडघ्यापाशी गेली तर पाऊल लोंबते, माणूस पाय उंच उचलून टाकत चालतो. चेहऱ्याची गेली तर डोळा मिटत नाही. एका आजाराकडे पाहून निम्मी मज्जासंस्था शिकता येते.

मग बोटे झडतात ती कशाने? शेकडो वर्षे लोक समजत होते की कुष्ठरोगात मांस आपोआप सडते. ही समजूत खोडून काढण्याचे मोठे काम दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४७ च्या सुमारास सुरू केले. त्यांनी रुग्णांच्या जखमा एकेक करून तपासल्या. ही कशी झाली? गरम भांड्याने. ही? खिळ्याने. आणि रात्रीत बोटाचे टोक नाहीसे होते त्याचे काय? रात्री पहारा ठेवला तेव्हा उंदीर सापडला. झोपलेल्या माणसाला कळतच नव्हते. बोट जंतूने खाल्लेले नव्हते. बातमी न पोचल्याने राखण गेली होती.

त्याच वेल्लोरच्या कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली आपल्या जामखेडला आले. त्यांचे काम येथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगायला नको. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्य सेविका केले. त्यांतल्या अनेकजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित वस्त्यांतल्या होत्या. ज्यांना गावाने विहिरीवर चढू दिले नव्हते, त्या गावाच्या घराघरांत जाऊन बाळंतिणी पाहू लागल्या, ताप पाहू लागल्या आणि कुष्ठरोगाचे चट्टेही ओळखू लागल्या. चट्टा तपासायला पदवी लागत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, कापसाचा पीळ किंवा बॉलपेनचे टोक कातडीला हलकेच लावायचे आणि लागेल तिथे बोट ठेवायला सांगायचे. चट्ट्यावर लावल्यावर त्याचे बोट पुढे आले नाही की कळले. मीही तीस वर्षे हेच केले. पण एकदा माझे चुकले, आणि विद्यार्थ्यांसमोर ते सांगितले पाहिजे.

१९९६-९७ चा सुमार असेल. पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर एक ऊसतोड जोडपे होते. नवऱ्याचे वय पंचविशीचे. पाठीवर दोन चट्टे, दंडावर काही. त्याचे औषध मीच सुरू केले होते. गोळ्यांनी लघवी लाल होते, अंग काळवंडते, म्हणून बरेच जण मध्येच सोडतात. याने मात्र नेमाने घेतल्या. दसऱ्याच्या आसपास टोळी निघायच्या बेतात होती. मुकादमाची उचल घेतलेली, बैलगाडी भरलेली. मी पुढच्या महिन्यांची पाकिटे द्यायला गेलो. तो म्हणाला, "भाऊ, कोपर लई ठणकतंय. रात्री झोप न्हाई." मी म्हटले, "कोयता घासून ठेवला का कालपासून? त्यानं दुखत असेल." तो हसला. मीही हसलो, पाकिटे दिली आणि पुढच्या वस्तीला गेलो.

मी त्याचे कोपर दाबून पाहिले नाही. त्या खाचेत बोट घातले असते तर सुतळीची दोरखंडासारखी झालेली सूज हाताला लागली असती. औषध चालू असताना, कधी संपल्यावरही, शरीर मेलेल्या जंतूंवर तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत मज्जातंतू सुजतो. त्याला आम्ही रिअ‍ॅक्शन म्हणतो. तेव्हा लगेच डॉक्टरांकडे नेऊन प्रेडनिसोलोन सुरू केले तर तार वाचू शकते. पहिल्या सहा महिन्यांत आशा असते, नंतर फारशी नाही. हे सगळे मला ठाऊक होते. प्रशिक्षणात शिकवले होते, मी दुसऱ्यांना शिकवत होतो.

पाडवा झाल्यावर टोळी परतली. त्याची करंगळी आणि शेजारचे बोट आत वळले होते, अंगठ्याजवळचा मांसल भाग खचला होता. तळहाताच्या कडेला भाजल्याची जुनी खूण होती. थंडीत शेकोटीशी बसला असताना कधी भाजले ते त्याला माहीत नव्हते. तो मला एक शब्द बोलला नाही. त्याची बायको बोलली, "भाऊ, तुमी म्हनला व्हता कोयत्यानं दुखतंय."

पुढे त्या हाताची शस्त्रक्रिया झाली. इथे मेंदू पुन्हा येतो, म्हणून सविस्तर सांगतो. मेलेला मज्जातंतू जोडून चालत नाही. मग डॉक्टर काय करतात? दुसऱ्या मज्जातंतूवर चालणारा एखादा चांगला स्नायू निवडतात, त्याची कंडरा सोडवून बोटांकडे फिरवतात. मनगट वर उचलणारी दोरी आता बोटे सरळ करायला बांधली. दोरी बांधली खरी, पण मेंदूला ते कोण सांगणार? पट्टी काढल्यावर त्याला बोट सरळ कर म्हटले तर बोट हलेना. मनगट उचल म्हटले की बोट हले. म्हणून आधी मनगटाचा विचार करायचा आणि बोटाकडे पाहायचे, दिवसातून अनेक वेळा, आठवडेच्या आठवडे. हळूहळू मधला विचार गळून पडला आणि 'बोट सरळ' म्हटले की बोट सरळ होऊ लागले. पंचविशीतल्या, चौथी शिकलेल्या माणसाच्या मेंदूने आपला जुना नकाशा पुसून नवा लिहिला. 'आता या वयात काय शिकणार' असे म्हणणाऱ्या आमच्या महिला मंडळाच्या भगिनींनी हे ध्यानात घ्यावे. स्पर्श मात्र आला नाही तो नाहीच. चहाचा पेला तो फडक्यात धरतो आणि रोज रात्री हात-पाय दिव्यासमोर धरून पाहतो. कातडी सांगत नाही ते डोळ्यांनी विचारून घ्यायचे. पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटे भिजवून तेल लावायचे, मऊ रबराची एमसीआर चप्पल घालायची. एवढ्यावर त्याची बोटे आजवर शाबूत आहेत.

आता थोडे हिशेबाचे. डिसेंबर २००५ अखेर देशात दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण राहिले, म्हणून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या अर्थी कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. लोकांनी त्याचा अर्थ 'रोग संपला' असा घेतला. संपलेला नाही, देशात अजून दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. तो आनुवंशिक नाही, पापाचे फळ तर नाहीच. बहुतेकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद जन्मतः असते. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने. आणि ते सुरू होताच थोड्या दिवसांत रुग्णापासून लागण होण्याची भीती जाते. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात २०१९ पर्यंत होते, त्या वर्षी ते काढले गेले. आपल्या उदान ग्रंथात राजगृहाच्या सुप्पबुद्ध कुष्ठीची कथा आहे. काहीतरी खायला वाटत असतील म्हणून तो गर्दीकडे येतो, आणि त्या सभेत बुद्ध त्यालाच ध्यानात घेऊन धम्म सांगतात. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी वाचावी. माझ्या नोकरीत मी अनेक घरांत रुग्णाचे ताट वेगळे पाहिले आहे, आपल्या वस्तीतही पाहिले आहे. ज्या समाजाला दुसऱ्याने वेगळे ताट ठेवलेले माहीत आहे त्याने ते ठेवावे, याचे मला फार वाईट वाटे.

विद्यार्थ्यांसाठी एक शेवटची गोष्ट, कारण ती उद्या घरात उपयोगी पडेल. हात लुळा पडला की गावात सरसकट 'वारं गेलं' म्हणतात. तार कोठे तुटली ते मात्र नकाशावरून कळते. एकाच बाजूचा हात व पाय एकदम गेला, वाचा अडखळली, तर बहुधा बिघाड मेंदूत आहे. दोन्ही पाय गेले तर मज्जारज्जू पाहावा लागतो. दोनच बोटे किंवा एकच पाऊल असेल तर एखादा मज्जातंतू. तोंड वाकडे झाले तर कपाळाला आठ्या घालायला सांगा. दोन्हीकडे आठ्या पडल्या पण ओठ एकीकडे ओढला गेला तर मेंदूची शंका अधिक. त्याच बाजूच्या आठ्याही गेल्या आणि डोळा मिटेना, तर चेहऱ्याच्या मज्जातंतूची. पण हे समजून घेण्यासाठी आहे, घरी निदान करत बसण्यासाठी नव्हे. अचानक असे काही झाले तर देवऋषी नको, मालिश नको, थेट मोठा दवाखाना. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आपल्या कित्येक वाड्या-वस्त्यांवरून त्यातला दीड-दोन तास रस्त्यातच जातो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले, म्हणून थांबतो. माझ्या पिशवीत कापूस आणि बॉलपेन आहे. चहाच्या वेळी मी मागच्या खोलीत बसेन. कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, खाजत नाही, दुखत नाही म्हणून इतके दिवस कोणाला दाखवला नसेल, त्यांनी एकेकट्याने यावे. दार लावून घेऊ. आणि कोणाचे कोपर दुखत असेल तर त्यांनीही यावे, मग ते कोयत्याने दुखत असो की कशानेही.

जयभीम.